ढाक्याचे ते फोटो काढणारा हॉर्स्ट फास कोण होता?

प्रश्न थोडक्यात असा होता: १९७१ च्या डिसेंबरात ढाक्यात भर सभेत माणसांना संगिनीने भोसकून मारलं, एका जर्मन फोटोग्राफरने ते तिथे उभं राहून टिपलं, त्यावर त्याला पुलित्झर, म्हणजे अमेरिकन पत्रकारितेतलं सगळ्यात मानाचं पारितोषिक मिळालं. मग लोक या माणसाला एवढं मोठं का मानतात, आणि तो मध्ये का पडला नाही? मी आयुष्यातला बराच काळ वर्तमानपत्राच्या फोटो डेस्कवर काढलाय, त्यामुळे उत्तर त्या खुर्चीवरूनच देतो. जरा लांबेल, कारण फक्त ढाक्यावरून हॉर्स्ट फास कळत नाही आणि ढाका सोडूनही कळत नाही.

आधी ढाकाच घेऊ. १६ डिसेंबर १९७१ चा फोटो आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, टेबलावर वाकून शरणागतीवर सही करणारे पाकिस्तानचे जनरल नियाझी, शेजारी बसलेले जनरल अरोरा, मागे उभे असलेले आपले अधिकारी. दरवर्षी विजय दिवसाला तो छापून येतो, मीपण कितीदा पानात लावलाय. त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीचे नेते कादेर सिद्दिकी यांच्या जाहीर सभेत चार माणसांना हात बांधून आणलं गेलं. आरोप होता पाकिस्तानला सामील असल्याचा आणि मुली पळवल्याचा. चौकशी नाही, खटला नाही. मारहाण झाली, छळ झाला आणि मग हजारो लोकांच्या देखत संगिनी चालल्या. हॉर्स्ट आणि त्याच्याबरोबरचा फ्रेंच फोटोग्राफर मिशेल लोराँ, दोघेही असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेचे म्हणजे एपीचे, ते शेवटपर्यंत फोटो काढत राहिले. १९७२ चं पुलित्झर दोघांना मिळून दिलं ते याच फोटोंसाठी.

तिथे बाकीचेही फोटोग्राफर होते आणि त्यातले काही निघून गेले. फ्रेंच फोटोग्राफर मार्क रिबू गेले, ब्रिटिश फोटोग्राफर पेनी ट्वीडी गेल्या. त्यांना वाटलं की हे सगळं कॅमेरे आहेत म्हणून चाललंय, आपण उभे राहिलो तर आपणही त्यात सामील. ही शंका अजिबात फालतू नाही. कॅमेरा बघून माणसं चेकाळतात हे ज्याने दंगल किंवा साधा मोर्चा कव्हर केलाय त्याला सांगावं लागत नाही, नुसते उभे असलेले लोक लेन्स वळली की घोषणा द्यायला लागतात. पण त्या दिवशी सगळेच निघून गेले असते तर ती माणसं वाचली असती का? मला नाही वाटत. हजारोंच्या गर्दीत हत्यारबंद लोकांसमोर दोन परदेशी माणसांनी मध्ये पडून काय केलं असतं हेही ज्याने त्याने प्रामाणिकपणे सांगावं. जे गेले त्यांना मी नावं ठेवत नाही. पण माझ्यासारख्या डेस्कवाल्याला विचाराल तर मी म्हणेन बरं झालं कुणीतरी थांबलं, कारण नाहीतर त्या आठवड्याचा एकच फोटो उरला असता, टेबलावरच्या सहीचा. जिंकलेल्या बाजूने दोन दिवसांत काय केलं ते कागदावर आलं ते या दोघांमुळे, आणि जिंकलेली बाजू म्हणजे आपल्या दोस्तांची बाजू हे विसरू नका.

आता इथून मागे जाऊ, कारण ज्या बाजूबरोबर आपण फिरतो तिचेच काळे फोटो काढायचे ही हॉर्स्टची जुनी खोड आहे.

जन्म बर्लिनमध्ये, २८ एप्रिल १९३३, म्हणजे हिटलर सत्तेवर आला तेच वर्ष. शाळेचं वय बॉम्बहल्ल्यांत गेलं आणि युद्धानंतर कुटुंब बव्हेरियात आलं. १९५१ मध्ये कीस्टोन या फोटो एजन्सीत लागला. १९५४ साली, वय २१, जिनिव्हात इंडोचायनाच्या, म्हणजे व्हिएतनाम, लाओस, कंबोडियाच्या वाटाघाटी चालल्या होत्या तिथे फोटो काढत होता, आणि त्याच काळात तिकडे व्हिएतनाममध्ये नावाजलेला युद्ध फोटोग्राफर रॉबर्ट कॅपाचा पाय सुरुंगावर पडून जीव गेला. पुढे दहा वर्षांनी त्याच कॅपाच्या नावाचं सुवर्णपदक हॉर्स्टला मिळालं, तेही व्हिएतनामच्या फोटोंसाठीच. कीस्टोननंतर एपी, मग काँगो, अल्जेरिया आणि जून १९६२ मध्ये सायगॉन, दक्षिण व्हिएतनामची राजधानी. रिपोर्टर पीटर आर्नेट आणि तो एकाच दिवशी सायगॉनला उतरले.

त्या वेळी व्हिएतनाम म्हणजे अमेरिकन वाचकासाठी आतल्या पानावरची बातमी होती. हॉर्स्ट दक्षिण व्हिएतनामी सैन्याबरोबर फिरायचा, त्यांच्याच हेलिकॉप्टरमधून जायचा, त्यांच्याच तुकडीबरोबर झोपायचा. आणि फोटो कुठले आणायचा? जानेवारी १९६४ मधला एक बघा, सायगॉनच्या पश्चिमेला एका गावात एक सैनिक खंजिराच्या मुठीकडच्या बाजूने शेतकऱ्याला मारतोय, कारण काय तर व्हिएतकाँगबद्दल, म्हणजे दक्षिणेतल्या कम्युनिस्ट बंडखोरांबद्दल, चुकीची माहिती दिली असा संशय. तो सैनिक फोटोग्राफरच्या बाजूचा, म्हणजे त्याला रोज जेवायला घालणाऱ्यांपैकी.

दुसरा १९ मार्च १९६४ चा. एक बाप मेलेलं लेकरू दोन्ही हातांवर आडवं धरून उभा आहे आणि ते वर दाखवतोय, वर म्हणजे चिलखती गाडीवर, आणि गाडीवरून हेल्मेट घातलेले रेंजर्स खाली बघतायत. माझ्या मते या फोटोतली खरी गोष्ट आहे ती उंचीची. बाप खाली, सैनिक वर. सैनिकांच्या चेहऱ्यावर रागही नाही आणि दयाही नाही, नुसतं बघणं आहे. बापाला काय हवंय हे कुणालाच माहीत नाही, बहुतेक त्यालाही माहीत नसावं, फक्त कुणीतरी बघावं एवढंच. आता फोटोग्राफर कुठे उभा आहे ते बघा. तो बापाच्या तोंडाजवळ घुसलेला नाही, गाडी आणि बाप दोन्ही एका चौकटीत बसतील इतका मागे आहे. नवखा माणूस इथे बाळाचा क्लोजअप काढतो आणि फोटो संपतो. १९६५ चं पुलित्झर मिळालेल्या कामात हा आहे.

जानेवारी १९६६, बाओ त्राई, हा तिसरा. बायकापोरं छातीपर्यंत गढूळ पाण्याच्या कालव्यात गोळीबारापासून लपून बसलीयत. त्याच कालव्यावरून अमेरिकन १७३ व्या एअरबोर्न ब्रिगेडचा एक जवान ग्रेनेड लाँचर घेऊन उभा असलेला दिसतो आणि आयांना चिकटलेली दोन पोरं त्याच्याकडे वर बघतायत. परत तेच, कोण वर, कोण खाली. हेल्मेटच्या पट्टीवर हाताने ‘वॉर इज हेल’ लिहिलेला, मंद हसणारा तो कोवळा सैनिक तुम्ही पोस्टरवर बघितला असेल, तोही हॉर्स्टचाच, जून १९६५ चा. तो फोटो जगभर फिरला पण त्या पोराचं नाव कित्येक दशकं कुणाला माहीत नव्हतं, कॅप्शनमध्ये नाव नसलं की असं होतं.

इथवरचं ऐकून वाटेल की झालं, मोठा फोटोग्राफर. पण आमच्या धंद्यातले लोक त्याचं नाव घेतात ते वेगळ्याच कामासाठी. हॉर्स्ट सायगॉन ब्यूरोचा फोटो प्रमुख होता. आणि व्हिएतनामचं युद्ध जगाने ज्या फोटोंतून बघितलं त्यातले बरेचसे त्याने काढलेले नाहीत, त्याने निवडलेले आहेत.

एजन्सीचा फोटो तेव्हा कसा जायचा हे नव्या मुलांना सांगितलं की खरं वाटत नाही. फिल्म आधी ब्यूरोत पोचली पाहिजे, त्यासाठी फोटोग्राफर स्वतः परत येतो किंवा सायगॉनकडे निघालेल्या कुठल्याही हेलिकॉप्टरवाल्याच्या, जखमी सैनिकाच्या हातात रीळ देतो. आपल्याकडे जिल्ह्याचा फोटो रात्रीच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे पाकिटातून द्यायचे ना, तसंच, फक्त इथे वर गोळ्या चालू. मग डार्करूम, ओल्या निगेटिव्हवर लूप, म्हणजे छोटं भिंग, लावून फ्रेम निवडायची, प्रिंट काढायची, कॅप्शन टाईप करून प्रिंटवरच चिकटवायची, ती प्रिंट यंत्राच्या फिरत्या ड्रमवर गुंडाळायची आणि रेडिओने टोकियोला सोडायची. एक कृष्णधवल फोटो जायला बारा-पंधरा मिनिटं. हवा खराब असली की मध्येच रेघा पडायच्या, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दिवसाला मोजकेच फोटो जाणार. छत्तीस फ्रेममधली एक निवडायची आणि ती चुकली तर बाकीच्या पस्तीस जगासाठी नाहीतच. सगळी ताकद त्या टेबलापाशी बसलेल्या माणसाच्या हातात.

आणि त्याला फोटो पुरेसे पडायचे नाहीत. म्हणून त्याने काय केलं, जो येईल त्याच्या हातात कॅमेरा आणि फिल्म दिली. स्थानिक व्हिएतनामी पोरं, आजूबाजूचे हौशी, अनुभव शून्य असलेले परदेशी. फोटो चांगला आला तर विकत घ्यायचा, वाईट आला तर का वाईट ते तोंडावर सांगायचं, आणि ऐकीव गोष्टी बघितल्या तर सांगण्याची पद्धत काही गोड नव्हती. या पोरांना लोक ‘हॉर्स्टची फौज’ म्हणायचे. कॅथरीन लरॉय नावाची बुटकीशी फ्रेंच मुलगी १९६६ मध्ये जवळजवळ काही अनुभव नसताना त्याच्या ऑफिसात आली, त्याने तिला तीन रीळं दिली आणि घेतलेल्या प्रत्येक फोटोचे १५ डॉलर सांगितले. पुढच्या वर्षी ती पॅराशूटने लढाईत उतरली आणि फार मोठी फोटोग्राफर झाली.

या पद्धतीला दुसरी बाजू आहे आणि ती गोड नाही. परदेशी स्टाफ फोटोग्राफरला पगार, विमा, पासपोर्ट. स्थानिक स्ट्रिंगरला, म्हणजे नोकरीत नसलेल्या, कामापुरत्या फोटोग्राफरला, फोटोमागे पैसे. दोघांनाही गोळी सारखीच लागते. हुइन्ह थान मी हा मुळात नट होता, तो एपीसाठी फोटो काढायला लागला आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये मेकाँग डेल्टात मारला गेला. त्याचा धाकटा भाऊ नंतर एपीत काम मागायला आला, अगदीच पोरसवदा, त्याला आधी डार्करूममध्ये ठेवलं. त्याला आपण निक उट म्हणून ओळखतो. त्याच्याकडे येतोच.

६ डिसेंबर १९६७ ला बू डोप इथे रॉकेट-ग्रेनेडने हॉर्स्टचे दोन्ही पाय फाटले. एका तरुण अमेरिकन मेडिकने रक्त थांबवलं म्हणून वाचला. त्यानंतर बराच काळ कुबड्या, मैदान बंद, टेबल चालू. आणि नशीब बघा, दोनच महिन्यांनी टेट आक्रमण, म्हणजे कम्युनिस्टांचा दक्षिणेतल्या शहरांवरचा मोठा हल्ला, सुरू झालं, लढाई सायगॉनच्या रस्त्यावर आली, आणि फोटोग्राफीतला सगळ्यात मोठा आठवडा या माणसाने खुर्चीत बसून काढला. १ फेब्रुवारी १९६८ ला एडी ॲडम्सचं रीळ आलं, त्यात दक्षिण व्हिएतनामचा पोलिस प्रमुख न्गुयेन न्गोक लोन हात बांधलेल्या कैद्याच्या डोक्यात गोळी घालतोय ती फ्रेम होती. ती हॉर्स्टने लूपखाली पाहिली आणि लगेच सोडली. कुणी म्हणेल यात काय मोठंसं, आंधळ्यालाही दिसेल. असं नसतं हो. निगेटिव्हमध्ये काळं पांढरं उलटं, फ्रेम नखाएवढी, आधीच्या-नंतरच्या चार फ्रेम्स जवळपास सारख्या, आणि दारात दुसरा रीळ घेऊन उभा.

मग ८ जून १९७२, त्रांग बांग. नापामने, म्हणजे आग लावणाऱ्या बॉम्बने, भाजलेली, कपडे नसलेली नऊ वर्षांची किम फुक रस्त्यावरून धावतेय. तोवर हॉर्स्ट आशियाभर फिरतीवर असायचा पण त्या दिवशी सायगॉनमध्ये होता. डेस्कवरच्या एडिटरने, कार्ल रॉबिन्सनने, फोटो बाजूला ठेवला, कारण एपीचा नियम होता की समोरून नग्न फोटो नाही, त्यात लहान मुलगी. नियमाप्रमाणे रॉबिन्सन चूक नव्हताच. हॉर्स्ट जेवून परत आला, फोटो बघितला आणि हा अजून इथे का म्हणून भडकला. एपीच्या न्यूयॉर्क ऑफिसशी वाद घातला, तिथे फोटो विभागाचे हॅल ब्युएल होते, त्यांनी मान्य केलं, अट एकच की मुलीचा वेगळा क्लोजअप पाठवायचा नाही. म्हणजे पूर्ण फ्रेम, रस्ता, बाकीची पोरं, मागे निवांत चालणारे सैनिक, सगळं. ही अट मला फार शहाणपणाची वाटते, नुसत्या मुलीचा फोटो केला असता तर तो वेगळाच आणि वाईट फोटो झाला असता. १९७३ चं पुलित्झर निक उटला मिळालं.

हे सगळं मी २०२४ मध्ये लिहिलं असतं तर इथेच पुढे गेलो असतो. पण जानेवारी २०२५ मध्ये एक डॉक्युमेंटरी आली आणि त्यात त्याच कार्ल रॉबिन्सनने सांगितलं की फोटो निक उटचा नव्हताच, न्गुयेन थान न्घे नावाच्या स्ट्रिंगरचा होता, आणि क्रेडिट बदलायला हॉर्स्टने आपल्याला सांगितलं. का सांगितलं असेल, तर निकच्या थोरल्या भावाच्या मरणाचं ओझं हॉर्स्टच्या मनावर होतं असा रॉबिन्सनचा अंदाज. निक उट हे साफ नाकारतो. एपीने तपास केला आणि मे २०२५ मध्ये सांगितलं की क्रेडिट बदलावं असा ठाम पुरावा नाही, पण फोटो उट म्हणतो तसा लायका कॅमेऱ्यावर नाही तर बहुधा पेंटॅक्सवर काढलाय. फोटो पत्रकारितेचे पुरस्कार देणाऱ्या वर्ल्ड प्रेस फोटो संस्थेने मात्र आपल्याकडचं श्रेय तूर्त स्थगित केलं. हॉर्स्ट २०१२ मध्येच वारला, त्याला विचारायची सोय नाही.

माझं मत विचाराल तर, मेलेल्या माणसाच्या माथी एकाच साक्षीवर हे मारायला मी तयार नाही. पण हे अशक्य आहे असंही मी म्हणणार नाही, कारण मी ज्या पद्धतीचं मघाशी कौतुक केलं तिच्यातच ही फट आहे. दिवसभर अनोळखी लोक रीळं आणून टाकतायत, रोख पैसे देऊन निगेटिव्ह घेतली जातेय, क्रेडिट लाईन टाईप करणारा एक, सांगणारा एक, आणि ज्याचा फोटो आहे तो कधीच बाहेर पडून सायकलवर निघून गेलेला. कुठल्याही गर्दीच्या डेस्कवर काम केलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. स्ट्रिंगरचं नाव खाल्लं जाणं ही आपल्याकडचीही जुनी गोष्ट आहे, आणि ती मुद्दाम कमी, घाईत जास्त होते.

एवढं मात्र नक्की की मेलेल्या फोटोग्राफरांना त्याने सोडलं नाही. १० फेब्रुवारी १९७१ ला लाओसवर एक हेलिकॉप्टर पाडलं गेलं, त्यात त्याचा एपीतला सहकारी आंरी युए, लाइफ मासिकाचे लॅरी बरोज, शिवाय केंट पॉटर आणि केइसाबुरो शिमामोटो हे फोटोग्राफर गेले. २७ वर्षांनी, १९९८ मध्ये, हॉर्स्ट आणि एपीचे रिपोर्टर रिचर्ड पाइल त्या डोंगरउतारावर गेले जिथे अवशेष खणून काढत होते. फुटक्या कॅमेऱ्याचे भाग, फिल्मचे तुकडे, एवढंच. मिशेल लोराँ, ढाक्याचा साथीदार, २८ एप्रिल १९७५ ला म्हणजे सायगॉन पडायच्या दोन दिवस आधी मारला गेला. ब्रिटिश फोटोग्राफर टिम पेजबरोबर हॉर्स्टने ‘रेक्विएम’ हा संग्रह केला, इंडोचायनाच्या युद्धांत मेलेल्या १३५ फोटोग्राफरांचा, आणि त्यात उत्तरेकडचे, म्हणजे ज्यांना तेव्हा शत्रू म्हणायचे तेही घेतले. त्यातले प्रिंट हो ची मिन्ह सिटीच्या वॉर रेम्नंट्स म्युझियममध्ये लावलेत. हल्ली आपली बरीच मंडळी व्हिएतनामला टूरने जातात, खालच्या विमानांजवळ सेल्फी काढून परत फिरतात, वर जाऊन तो विभाग बघा.

१९७६ पासून तो लंडनला, एपीचा युरोपचा सीनियर फोटो एडिटर, २००४ ला निवृत्त. २००५ मध्ये युद्ध संपल्याच्या तिसाव्या वर्षानिमित्त जुन्या पत्रकारांबरोबर व्हिएतनामला गेला असताना हनोईत मणक्यात रक्तस्राव होऊन कमरेखाली लुळा झाला. १० मे २०१२ ला म्युनिकमध्ये गेला, वय ७९.

तुमच्या मूळ प्रश्नावर परत, तो मध्ये का पडला नाही. हॉर्स्टचं सगळं काम बघितलं की कळतं की त्याच्यासाठी फोटो बाहेर जाणं हेच काम होतं. नियम मध्ये आला तर नियमाशी भांडायचं, स्वतःचे पाय गेले तर दुसऱ्याच्या पायांनी जायचं, आणि हो, कदाचित समोर माणूस मरत असेल तरी शटर दाबायचं. हे तुम्हाला थंड रक्ताचं वाटलं तर मी वाद घालणार नाही, मलाही कधीकधी वाटतं. फक्त ढाक्याचे फोटो आणि १९६४ चे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा आणि मग ठरवा. फोटो शोधायला फार त्रास नाही, एपीच्या संग्रहात सगळे आहेत, ढाक्याचे मात्र घरात पोरं असताना उघडू नका.